न वाचलेली यादी

सुमनताई ऑफिसात हेडफोन लावून संगणकासमोर ताटकळत बसल्या होत्या. त्यांना दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर एक प्रोग्रॅम त्यांना वाचून दाखवतो. आज तो गप्प होता.

"माझंच काही चुकलं का हो?" त्यांनी मला विचारलं.

चुकलं माझं होतं. ऑफिसातले संगणक माझ्याकडे असतात. सकाळी त्यांच्या संगणकाची सिस्टीम अपग्रेड करताना त्याने विचारलं होतं, की काही जुने प्रोग्रॅम नव्यांशी जुळत नाहीत, ते काढू का? खाली यादी होती. मी न वाचताच 'हो' म्हटलं. नव्याला जागा करताना कुणाचं काय जातंय, हे आपण बघतो तरी कधी?

मी कबूल केलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "लेकीची मेल आलीय, तेवढी वाचून दाखवा."

पहिलंच वाक्य होतं, 'आई, हे फक्त तुलाच सांगतेय.' मी मेल बंद केली आणि आधी तो काढलेला प्रोग्रॅम परत टाकायला घेतला.