रिळातली खोट

बाबांच्या गळाचं रीळ कितीतरी वर्षं मुकाट चाललं आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, एका दिवाळीनंतर, बिघडलं. निदान आम्ही घरातल्या तिघांनी तसं ठरवून टाकलं.

बाबा आंबिवलीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. तिथला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना ते रीळ त्यांना देऊन गेला होता. तेव्हाच ते जुनं होतं, पितळेचं, जड आणि देखणं. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये मासे खाणारे पुष्कळ, पण रविवारी काठी घेऊन खडवलीला नदीवर जाणारे एकटे बाबाच. शेजारचे काका जिन्यात हटकून विचारायचे, "आज बाजार बंद आहे वाटतं?"

हे रीळ फार मानी होतं. गळ फेकला की रिळाची चकती गरगर फिरते आणि तिच्यावर गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सुटत जातं. त्या फिरत्या चकतीवर अंगठा अलगद टेकवून ठेवायचा. जास्त दाबला तर गळ पायाशीच पडतो, कमी दाबला तर चकती तंगुसाच्याही पुढे पळते आणि असा गुंता होतो की बघणाऱ्याला रडू यावं. बाबांचा अंगठा त्यात इतका तयार होता की ते फेकताना माझ्याशी गप्पा मारत.

त्या हिवाळ्यात गुंते सुरू झाले. आधी एखादा, मग दर फेकीला. बाबा दर शनिवारी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून रीळ उघडायचे. आतली दातेरी चाकं रॉकेलमध्ये बुडवायचे, जुन्या टूथब्रशने घासायचे, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडायचे. "त्याची एवढी सेवा करता, तेवढी देवाची केली असती तर पावला असता एव्हाना," आई म्हणायची. बाबा हसायचे. एक बारीक स्क्रू त्यांच्या हातून सारखा निसटायचा आणि मी तो फरशीवर शोधत फिरायचे. मी तेव्हा नोकरीला लागले होते, शनिवारी मला झोपायचं असायचं. मी चिडायचे. चिडणं सोपं होतं. खोट रिळात आहे की बाबांच्या हातात, हा प्रश्न मला पडून गेला होता, आणि तो मी तोंडातून काढणार नव्हते. त्याच हातावर आमचं घर चालत होतं.

शेवटी बाबांनी निदान केलं: चकतीचा दांडा ज्या कड्यात फिरतो तो आतला बुश झिजलाय. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून त्यांनी नवा करून घेतला, पितळेचा. तो बसवल्यावर चकतीला टिचकी मारली तर ती फिरतच राहिली, आवाज म्हणून नाही. "आता बघ," बाबा म्हणाले. मीही मनापासून हो म्हटलं. त्या बुशवर मी देवासारखा विश्वास टाकला होता.

रविवारी मी त्यांच्याबरोबर खडवलीला गेले. नदी संथ होती. बाबांनी पाय रोवले, काठी मागे नेली आणि फेकली. चकती किंचाळल्यासारखी फिरली आणि पुन्हा तोच गुंता. ते दगडावर बसून एकेक वेढा सोडवू लागले. वेढा चिमटीत येईना. मला ते बघवेना. "द्या इकडे!" मी जवळजवळ खेकसलेच. गुंता मी सोडवला. ते म्हणाले, "आता तूच टाक."

लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. मी काठी फिरवली, अंगठा टेकवला. तंगूस सरळ, लांब, पार पलीकडच्या काठाजवळ गेलं आणि गळ टप्पकन पाण्यात पडला. मला असा आनंद झाला! "बाबा, सुधारलं!" मी ओरडले आणि वळले.

बाबा नदीकडे बघतच नव्हते. ते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते. "हो," ते म्हणाले, "रीळ उत्तम आहे."

पुढे डॉक्टरांनी त्या दुखण्याला एक लांबलचक नाव दिलं. औषध नव्हतं. आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं. पण आम्हा दोघांना ते त्या काठावरच कळलं होतं. ते रीळ पाण्यात भिरकावून द्यावं असं मला वाटत होतं, आणि मी ते निमूटपणे फडक्यात गुंडाळत होते.

घरी आल्यावर आईने दारातच विचारलं, "काय हो, सुधारलं का?"

"सुधारलं," बाबा म्हणाले आणि हातपाय धुवायला आत गेले.

आई मटकन खुर्चीत बसली. मला जवळ ओढून हलकेच म्हणाली, "सुटले गं बाई! अगं, ह्यांच्या शर्टाची बटणं हल्ली मीच लावून देते. मला आपलं भलतंच वाटायला लागलेलं. रीळच होतं म्हणजे." तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. ती उठली आणि तिने साजूक तुपातला शिरा करायला घेतला.

बाबा पाटावर येऊन बसले. इतके दिवस जेवताना ते भाताचा घास कसाबसा सावरून तोंडाशी न्यायचे, आमची नजर चुकवून. त्या दिवशी त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवून दिला, चमचा मागून घेतला आणि आईच्या देखत तो शिरा डाव्या हाताने खाल्ला.