पुठ्ठामामा आणि लाल तेल

या, जरा जवळ सरकून बसा. ही लांबून ऐकायची गोष्ट नाही. आणि आधी एक बोलून घेऊ द्या. तुम्ही लोक गाडी धुता, काच पुसता, आरशाला लिंबू-मिरची बांधता, पण गाडीच्या पोटाखाली वाकून पाहायचं म्हटलं की तुमची कंबर दुखते. मीही तशीच होते. मला वाकायला पुठ्ठामामांनी शिकवलं.

तेलंगणातल्या नार्नूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. गाडी आली की दुसरे मेकॅनिक बॉनेट उघडतात, हे आधी जमीन पाहायचे. मग फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा कापून गाडीखाली सरकवायचे, गाडीचं तोंड कुठल्या बाजूला ते खडूने त्यावर लिहायचे आणि माणसाला घरी पाठवून द्यायचे. सकाळी तो पुठ्ठा उजेडात धरला की गाडीवाला हात जोडल्यासारखा उभा राहायचा. काळा डाग इंजिनच्या तेलाचा, हिरवा रेडिएटरचा, नुसती ओल असली तर एसीचं पाणी. या तिन्हींवर मामा फारसं बोलत नसत. लाल दिसलं की मात्र बोट टेकवून नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. लाल म्हणजे ऑटो गिअरचं तेल. ते जळकं लागलं तर मामा त्या माणसाकडे न बघता बोलत.

त्यामुळे लोक त्यांना थोडं भीतच. समोरच्या टपरीवरचा चहावाला म्हणायचा, मामानं पुठ्ठा टाकला की मले माझ्याच छातीत धडधडते. एकदा एका मास्तरांच्या गाडीची चावी मामांनी दोन दिवस दिलीच नाही. मास्तर तावातावाने भांडले, पोलिसात जाईन म्हणाले. मामांनी शांतपणे गिअरचं तेल मोजायची कांडी काढून त्यांच्या पांढऱ्या रुमालावर पुसली. तेल मठ्ठ्यासारखं गढूळ, गुलाबी. रेडिएटरच्या आत पाइप फुटून पाणी गिअरमध्ये शिरत होतं. "मास्तर, गाडी सांगून राह्यली," मामा म्हणाले, "तुमी आयकून नाई राह्यले." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मास्तर तो रुमाल तिथेच टाकून बसने घरी गेले.

आता माझी गाडी. मुलाने हैदराबादेत नवी घेतली आणि जुनी आमच्या अंगणात आणून लावली. ऑटो गिअरची, त्यामुळे क्लच नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी कापूस काढलेल्या शेतात ती चालवायला शिकले. गावातल्या बायका बांधावर उभ्या राहून म्हणायच्या, म्हातारी बैल हाकलते का गाडी. हौस नव्हती हो. आमच्या ह्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा आदिलाबादला नेऊन रक्त शुद्ध करून आणावं लागे. परत येताना त्यांना बसायचंही त्राण नसायचं, मागच्या सीटवर आडवं होत. एसटीत ते कसं जमणार? ती गाडी चालली तर हे चालले, असा आमचा हिशोब होता.

पहिल्यांदा लाल डाग दिसला तेव्हा मी शहरातल्या एकाला दाखवलं होतं. त्याने गिअरच्या तेलाच्या खालच्या चेंबरचे बोल्ट करकचून आवळले, वर कसलीशी पेस्ट लावली आणि झालं म्हणाला. आठ दिवसांत पुन्हा थेंब, मग गाडी मामांकडे नेली. मामांनी गाडी वर घेतली आणि चेंबरच्या काठावरून बोट फिरवून मला दाखवलं. आवळून आवळून काठ वाकला होता. त्यांनी तो लाकडावर ठेवून हळूहळू ठोकून सरळ केला, नवं पॅकिंग बसवलं आणि बोल्ट पुरणपोळीच्या कडा दाबाव्यात तसे समोरासमोर, थोडे थोडे आवळले. मी हसले तर म्हणाले, "जोर लावला की गळते, माय. दमानं घेतलं की बसते."

पावसाळ्यात पुन्हा लाल. या वेळी मामांनी गाडीचं पोट डिझेलने धुतलं, कोरडं पुसलं आणि चेहऱ्याला लावतात त्या पावडरचा अख्खा डबा त्यावर उडवला. इंजिन चालू ठेवून आम्ही दोघंही खाली वाकून बसलो. पांढऱ्या पावडरीवर एक बारीक लाल रेघ उतरायला लागली. मामा म्हणाले, तेल पडते एकीकडं, निघते दुसरीकडं, वाऱ्यानं मागं पळते. थेंबाच्या मागं लागलं की माणूस फसते. रेघ धरून ते वर गेले तर तेल थंड करायला रेडिएटरकडे जाणारा पाइप गंजलेला निघाला. तो बदलला. पण उठताना हात पुसत पुसत त्यांनी सांगितलं ते माझ्या कानात अजून आहे.

"माय, आता राह्यलं फक्त पुढचं सील. इंजिन आन् गिअरच्या मधातलं. ते म्हातारं झालं हाय. पुन्हा लाल दिसलं तर समजजा, तेच. मंग घाट चढू नका. थांबजा, मले बलावजा. गिअर खाली काढावं लागते, चार दिवस लागतेत."

चार दिवस. ह्यांच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये तीनच दिवस असायचे. मी मान डोलावली. मामांनी एक पुठ्ठा मापाने कापून दिला आणि ते रोज सकाळी फोन करायला लागले. एकच प्रश्न, "पुठ्ठ्यावर काय?" मी म्हणायची, कोरा. ते म्हणायचे, जा मग.

दसरा आला. अंगण सारवायचं होतं म्हणून मी दोन दिवस पुठ्ठा उचलून भिंतीला टेकवला होता. रोजचा सडाही त्याच जागेवर पडत होता. फोनवर मात्र मी कोराच म्हणत राहिले. दसऱ्याच्या सकाळी पुठ्ठा पुन्हा टाकला. दुपारी गाडीची पूजा केली, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि कुंकवाचं पाणी ओवाळून चाकांपुढे ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पुठ्ठ्यावर तळहाताएवढा लाल डाग. मी म्हटलं, कुंकवाचं पाणी वाहत आत गेलं. ओला, घाण पुठ्ठा दारात बरा दिसत नाही म्हणून तो उकिरड्यावर टाकला, नवा अंथरला. घटकाभराने मामांचा फोन. "पुठ्ठ्यावर काय?" मी खिडकीतून पाहिलं आणि म्हटलं, कोरा.

तुम्हाला खरं सांगते. बोटाला लावून वास घ्यावा असं मनात आलं होतं. घेतला नाही. सणामुळे ह्यांची फेरी आधीच एक दिवस पुढे गेली होती, पाय सुजून चकचकीत झाले होते, भाड्याच्या जीपवाले सगळे आपापल्या गावी. वास जर तेलाचा निघाला असता तर मामांनी गाडी काढू दिली नसती.

ह्यांना मागच्या सीटवर घेऊन मी निघाले. आदिलाबादच्या वाटेवरच्या घाटाच्या पहिल्या वळणाला इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी पुढे जाईना. पाय दाबावा तितका आवाज वाढे आणि वेग कमी होई. मग जळका वास आला. मी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि हँडब्रेक ओढला. मागे ह्यांचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. मी खाली उतरून मागे पाहिलं. आम्ही आलो त्या सगळ्या रस्त्यावर लाल थेंबांची ओळ होती, उन्हात चमकत होती. सकाळी उकिरड्यावर टाकलेला पुठ्ठा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी मामांना फोन लावला.

फोन लागल्यावर मामांनी एक शब्द जास्त विचारला नाही. मोटारसायकलवर आले. येताना कापसाची एक रिकामी पिकअप थांबवून सोबतच घेऊन आले होते. ह्यांना दोघांनी उचलून ड्रायव्हरशेजारी बसवलं, मी मागे उभी राहिले. मामा आमच्या बंद गाडीजवळ एकटे थांबले. आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत ह्यांच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं. नर्स तेलुगूत विचारत होती, इतका उशीर का केला अम्मा. मला तेलुगू येतं, पण मी न समजल्यासारखं केलं.

त्या वेळी हे वाचले. आठ दिवसांनी घरी आले, पण काठीशिवाय उभे राहिले नाहीत. तोवर मामांनी गिअर उतरवून सील बदललं होतं. जुनं सील त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. रबर वाळून बांगडीसारखं कडक झालेलं. मामा ते परत घेऊन बोटात फिरवत राहिले.

"माय, हे एका रातीत नाई फाटत. दोन-चार दिस आंधी लाल दाखवतेच. मंग पुठ्ठा कोरा कसा?"

मी म्हटलं, चहा ठेवते.

होळीच्या आधी हे गेले. डॉक्टर म्हणाले, त्या दिवसाचा काही संबंध नाही, आजारच तसा होता. मी मान डोलावली. तेरवीला मामा आले, आत आले नाहीत, ओट्यावरच बसले. मी पाणी घेऊन गेले तर ग्लास हातात धरून हळूच म्हणाले, "मी वाचन्यात चुकलो, माय. फोनवर पुठ्ठा वाचाले नाई पाह्यजे होता. मले सोता याले पाह्यजे होतं." ओटा माणसांनी भरला होता. दीर, पुतणे, मुलगा, सगळे. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी रिकामा ग्लास घेऊन आत गेले.

त्यानंतर मामांनी पुठ्ठा टाकणं सोडलं, असं चहावाल्याने सांगितलं. लाल तेलाची गाडी आली की म्हणत, दुसरीकडं दाखवा, माझी नजर आता खरी राह्यली नाई. उन्हाळ्यात शटर ओढलं आणि भैंसा गावी लेकीकडे गेले. जाताना माझ्याकडे आले होते. गाडीखाली वाकून एकदा पाहिलं आणि फाटकाची कडी लावून निघून गेले. लेक फोनवर सांगते, बाबा दिवसभर कापसाच्या जिनिंग मिलच्या भिंतीकडे तोंड करून बसतात, कुणी गाडीचं विचारलं तर उठून आत जातात.

हे सगळं मी लिहूनही ठेवलंय; भैंसातल्या कुणाच्या हाती ते लागलं तर मामांना वाचून दाखवा. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. आणि मामा, तुम्ही ऐकत असाल तर दिवाळीच्या आत एकदा येऊन जा. लेकीला घेऊन या, मुक्कामाला या. तुमची नजर खरीच होती. खोटं कुठे होतं ते मला तुमच्यासमोर बसून सांगायचं आहे, आणि माझी तब्येत आता फार वाट पाहण्यासारखी नाही.