गोड्या विहिरीतला डबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तरी या गोष्टीला वळसा घालूनच जाते. मग तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. ऐका झालं.

नवं लग्न होतं, अंधेरीत दोन खोल्या. दुसरी मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती आणि लष्कराच्या जुन्या गाड्या डिस्पोजलमध्ये विकायला निघत. ह्यांनी तसली एक बंद गाडी घेतली, आत फळ्यांचे पलंग ठोकले, स्टोव्ह बसवला — आणि नाताळच्या सुट्टीत आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने डहाणूकडे निघालो. लॉज नाही, भाडं नाही. "समुद्र काय कुणाच्या बापाचा आहे?" हे म्हणायचे. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, नवी सून आणि बिऱ्हाड पाठीवर! मला मात्र राणी झाल्यासारखं वाटत होतं.

पहिला मुक्काम मालाडच्या पलीकडे, एका कोळीवाड्याच्या कडेला. तिथे हिराबाई नावाची कोळीण एकटीच राहायची, नवरा दर्यावर गेलेला परत आला नव्हता. तिने आपल्या झोपडीशेजारी गाडी लावू दिली. "ऱ्हा गो बाय, जागा देवाची हाय," म्हणाली. विहीर दाखवली. समुद्र हाकेवर, तरी पाणी गोड. सगळ्या वाड्याला तेवढी एकच विहीर. स्वतःचा पोहरा तिने माझ्या हातात दिला.

मी तो घेतला आणि — आठवताना इथे आले की मी नेहमी थांबते — तिची पाठ वळताच कठड्यावर ठेवून दिला. त्याला मासळीचा वास होता. होता का खरंच? की पोहरा कोळणीचा होता, एवढंच? आमच्या घरी असल्या गोष्टी बोलत नसत, नुसत्या पाळत.

गाडीत पत्र्याचा एक डबा होता. पेट्रोलचा, मालाडला टाकीत ओतून रिकामा केलेला. तो मी राखेने घासला. राखेने घासलं की भांडं शुद्ध, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. दोर बांधून विहिरीत सोडला. वर आला तर पाण्याला वास. ओतलं, पुन्हा सोडला. वास जाईना म्हणून तो आतल्या आत हिंदकळून हिंदकळून धुतला. हो — विहिरीतच. दिवेलागणीची वेळ, आसपास कुणी नव्हतं. पाण्यावर तवंग पसरताना मी डोळ्यांनी पाहिला. मग गाडीत येऊन भात टाकला.

सकाळी विहिरीवर बायकांचा गलका. पाणी कुणाला तोंडात घेववेना. मी पुढे होऊन खरं सांगितलं असेल, असं वाटतं का तुम्हाला? पुढे मी झाले खरी. म्हणाले, "काल हिराबाईंच्या पोहऱ्यालाच वास येत होता." कुणी मला विचारलंसुद्धा नव्हतं.

चांगल्या घरातली, शिकलेली बाई कशाला खोटं बोलेल? कुणाला शंकाच आली नाही. पोहऱ्यात दिव्याचं रॉकेल भरतेस काय, म्हणत एकीने तो हिसकून वाळूत भिरकावला. यापुढे विहिरीला हात लावायचा नाही, असं सगळ्यांनी हिराबाईला बजावलं. ती माझ्याकडे वळली. "खोटं कशाला बोलतेस गो?"

मला लाज वाटली, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

हे गाडीखाली शिरून काहीतरी आवळत होते, त्यांना यातलं काहीच कळलं नाही. मीच घाई करून गाडी काढायला लावली. वाडा मागे पडला आणि रस्त्याच्या कडेने ती चालताना दिसली. काखेत रिकामा हंडा. पुढचं गाव चांगलंच लांब होतं. ह्यांनी वेग कमी केला. "हिराबाई ना गं ती? घेऊ या तिला. काल किती केलं तिने आपलं."

मी म्हणाले, "नको. मासळीचा वास लागेल गाडीला."

खिडकी उघडी होती आणि ती माझ्याच बाजूने चालत होती. तिने मान वर करून पाहिलं. ह्यांनी गाडी पुढे घेतली.