कापडाच्या दुकानातली बाई

मी जबलपूरला एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. "मॅडम, भूत-प्रेत सच में होता है क्या?" असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच, आणि मी दरवर्षी तेच सांगते — मोजता आलं तर बोलू, नाहीतर पुस्तक उघडा. त्यामुळे हे इथे लिहायचं की नाही, यात माझे बरेच महिने गेले. घरच्यांशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. आज लिहिते.

आम्ही जबलपुरातच गोरखपूर भागात राहतो. मी, माझे मिस्टर सुहास, सासरे आणि आमची मुक्ता. घरात तिला ठकू म्हणतात. हे नाव सासऱ्यांनी ठेवलं. पण बाहेर कोणी ठकू म्हटलेलं तिला खपत नाही, लाज वाटते तिला. शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे ती मुक्ताच. हे लक्षात ठेवा.

सहा वर्षांची असताना तिला ब्लड कॅन्सर निघाला. ते दिवस सविस्तर सांगत नाही... ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहेत. डॉक्टर चांगले भेटले. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की मुलांचा हा कॅन्सर बरा होतो, पण केमोनंतर दहा-बारा दिवस डोळ्यांत तेल घालून जपा. त्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी अगदी खाली जातात. अंगात लढायला काही उरत नाही. ताप शंभराच्या वर गेला, की गोळी देऊन वाट बघायची नाही, सरळ वॉर्डात यायचं.

म्हणून सासऱ्यांनी एक वही केली. पोस्टातून रिटायर झालेला माणूस. दर तीन तासांनी थर्मामीटर लावायचे आणि आकडा लिहायचे. त्यांच्या भरवशावरच मी शाळेत जाऊ शकत होते.

डिसेंबर होता. केमोला दहा दिवस झाले होते. ठकूचे केस पूर्ण गेले होते आणि लोकरीची टोपी तिला टोचायची. मऊ सुती कापडाच्या टोप्या शिवाव्यात म्हणून शाळा सुटल्यावर मी ओमतीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात गेले. दुपारचे साडेतीन असतील. दुकानात गर्दी नव्हती. मी एक फुलाफुलांचं कापड बोटांत धरून बघत होते. शेजारी पन्नाशीची एक बाई उभी होती — करड्या रंगाची सुती साडी, अंगावर शाल, हातात कापडी पिशवी. तीही तेच कापड बघत होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली,

"ठकूला ताप आहे. घरी जा तुम्ही."

मराठीत. इथे बाजारात सगळं हिंदीतच चालतं, त्यामुळे मला आधी वाटलं की आपल्या समाजातल्याच कोणी असतील, कुठेतरी ओळख झाली असेल. म्हटलं, "माफ करा, मी ओळखलं नाही." ती कापडाची घडी उलगडत राहिली. मी तिथेच उभी राहून सासऱ्यांना फोन लावला.

"बाबा, ठकूला ताप आहे का?"

"नाही बा. आत्ताच मोजला. सत्त्याण्णव पॉइंट आठ. झोपली आहे मस्त. काहून घाबरून राहिली?"

जीव भांड्यात पडला. आणि राग आला त्या बाईचा. फोन ठेवून मी जरा तोऱ्यातच म्हणाले, "काही ताप नाही तिला."

ती म्हणाली, "ते थर्मामीटर बिघडलं आहे. दुसरं घेऊन जा."

आवाज चढलेला नाही, घाई नाही. गॅसवर दूध ठेवलंय, बघा जरा — असं शेजारीण सांगते ना, तसं. तेवढ्यात दुकानदाराने विचारलं, "दीदी, ढाई मीटर काट दूँ?" मी त्याला "रुको भैया" म्हणून वळले, तर ती दुकानाच्या पायऱ्या उतरत होती. मी मागे गेले नाही. खरं सांगते, मला तिच्याशी बोलायचंच नव्हतं.

पण चार दुकानं सोडून मेडिकल होतं. तिथून थर्मामीटर घेतलं. का घेतलं, सांगता येत नाही... घ्यायला काय जातं, असंच काहीतरी मनात असेल.

घरी पोचले तर ठकू रजईत गुंडाळून झोपलेली. हातपाय गार, कपाळही फार तापलेलं वाटेना. सासरे वही घेऊन उभे. मी नवीन थर्मामीटर लावलं.

एकशे दोन पॉइंट दोन.

मग जुनं लावलं. सत्त्याण्णव पॉइंट आठ.

सासरे खाली बसले. मी ऑटो बोलावला, सुहासला फोन केला आणि सरळ वॉर्ड गाठला. नर्सने नाव विचारायच्या आधी ठकूचा चेहरा बघितला आणि आत घेतलं. पाऊण तासात सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. आणि दोन तासांनी तिचं बीपी पडलं. आम्ही घरी नव्हतो, वॉर्डात होतो, म्हणून डॉक्टर धावून येऊ शकले.

तीन दिवस आयसीयू. चौथ्या दिवशी तिने डोळे नीट उघडले आणि म्हणाली, "मम्मा, पोहे चाहिए." मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकून रडले. डॉक्टर तिथूनच जात होते. थांबले. म्हणाले, "देखिए, उस दिन आप लोग शाम तक रुक जाते, तो आज मैं आपसे कुछ और कह रहा होता."

त्या संध्याकाळी मी सुहासला त्या बाईबद्दल सांगितलं. तो वीज खात्यात इंजिनीअर, अशा गोष्टी न मानण्यात माझ्याहून पक्का. म्हणाला, वॉर्डातल्या एखाद्या मुलाची आई असेल. दहावा दिवस धोक्याचा असतो हे त्या सगळ्याजणींना माहीत असतं, अंदाजाने बोलली. मी म्हटलं, चलो, मान्य. पण ठकू हे नाव? आणि थर्मामीटर?

घरी येऊन त्याने दोन्ही थर्मामीटर स्वतःला लावून बघितले. नव्यावर अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन, जुन्यावर चौऱ्याण्णव. चार वेळा केलं. मग म्हणाला, ताप चढत होता तेव्हाच हे बिघडलं असणार, म्हणून वहीत फरक दिसला नाही, आणि जुनं बाजूला ठेवलं. सासऱ्यांनी ती वही मला परत दाखवली नाही. किती दिवस ते एकच म्हणायचे, "मी लिहून राहिलो होतो न बरोबर." मी म्हणायची, बाबा, तुम्ही बरोबरच लिहिलं, यंत्र चुकलं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पंधराएक दिवसांनी मी त्या दुकानात गेले. दुकानदाराने मला ओळखलं. त्या बाईबद्दल विचारलं तर म्हणाला, "वो? वो तो आपके साथ आई थीं न?"

"नहीं भैया, मैं अकेली थी."

"अच्छा? आप दोनों तो साथ में अंदर आईं. मुझे लगा बड़ी बहन हैं."

कॅमेरा होता, पण रेकॉर्डिंग एकच आठवडा राहतं. ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत विचारून झालं. वॉर्डातल्या आया, खेळायला आणि चित्रं काढायला येणाऱ्या ताया, सगळ्यांना विचारलं. अशी कोणी नाही.

त्यानंतर अडीच वर्षं उपचार चालले. मध्ये पायातली ताकद गेली, तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या दीदीने तिला जिना चढायला पुन्हा शिकवलं. केस आले, आधीपेक्षा कुरळे. शेवटची गोळी या उन्हाळ्यात संपली. आता दर तीन महिन्यांनी फक्त तपासणी.

मागच्या आठवड्यात मी ठकूला पहिल्यांदा हे सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "तो आपने आंटी को थँक्यू बोला?"

नाही बोलले. रागाने बघितलं मी त्यांच्याकडे.

त्या कोण होत्या, त्यांना कसं कळलं, हे मला विज्ञान शिकवणारी म्हणून तुम्ही विचाराल, तर माझ्याकडे दोन थर्मामीटर आहेत आणि बाकी काही नाही. पण त्या बाई कुठे हे वाचत असतील, तर त्यांना सांगायचं आहे — ठकू बरी आहे. काल सायकलवरून पडली. गुडघा चांगलाच खरचटला, रक्त आलं. आम्ही कुठे धावलो नाही. नळाखाली धुतला, हळद लावली, आणि ती परत खेळायला गेली.