डावी सीट

आज सकाळी व्हॅनची डावी सीट उचलली आणि तापलेल्या रबराचा वास आला. इंजिन त्या सीटखालीच आहे. प्लगच्या वायरला सायकलच्या ट्यूबचा तुकडा अजून गुंडाळलेला होता.

कापसाला कोणी विचारत नव्हतं, शेतीवर भागत नव्हतं, ती वर्षं. मी आणि माझी बायको सुमन व्हॅनमधून आठवडी बाजारांत बांगड्या विकायचो. बाया बांगड्या हाताला लावून बघायच्या, पुन्हा जागेवर ठेवायच्या. मालासाठी जागा हवी म्हणून मी मूळ डावी सीट काढून वेल्डरकडून बुटकी सीट करून घेतली होती. तेव्हापासून गाडी मधूनच मिसिंग करायची, झटके द्यायची. कळंबचा मिस्त्री एकटाच चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "काहीच नाही भाऊ, मस्त चालून राह्यली."

शेवटी सुमनच म्हणाली, "मी बसली का झटके देते, उतरली का नाही देत. पाहा."

ती बसली. इंजिन अडखळलं. उतरली, तर सुरळीत. तिच्या भारानं सीट दबून वायरला घासत होती आणि करंट सीटच्या लोखंडात उतरत होता. सगळं गॅरेज हसलं, मीही हसलो.

"हासून काय राह्यले? यायनं सीटच कमजोर बनवली!" ती फणकारली. मिस्त्रीनं ट्यूब गुंडाळून दिली, पण घरापर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. तेव्हा तो रस्ता मला संपता संपेना.

सुमनला जाऊन दोन पावसाळे झाले. आज मी तो ट्यूबचा तुकडा सोडून फेकून दिला आणि डावी सीट रिकामी ठेवून गाडी थेट आर्णीपर्यंत नेली.

अख्ख्या रस्त्यात इंजिन एकदाही अडखळलं नाही.