व्याह्यांची फुलाफुलांची चादर

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात माझ्या व्याह्यांइतका निर्लज्जपणे लोकप्रिय माणूस दुसरा नाही, आणि हे मी शुद्ध मत्सरापोटी सांगतो आहे. लेकीचे सासरे म्हणून मी त्यांना वाकून जयभीम घालतो. पण वाकलेलो असताना माझ्या मनात काय चाललेलं असतं ते लेकीला कळलं, तर ती माहेरी यायची बंद होईल. आम्ही दोघे एकाच कामातले. निराधार, विधवा, अपंग माणसांना सरकारी योजनेचा पगार, म्हणजे दरमहाचं अनुदान, कसा मिळवून द्यायचा, हे आम्ही गावोगावच्या कार्यकर्त्यांना शिकवतो. मी शिकवतो तेव्हा लोक वहीत उतरवून घेतात. ते शिकवतात तेव्हा लोक हसतात, डोळे पुसतात आणि निघताना त्यांना डब्यात ठेचा बांधून देतात. मला आजवर कोणी ठेचा दिलेला नाही.

बरं, सामग्री पाहावी तर माझ्याकडे लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि भिंतीवर लाल ठिपका पाडणारी कांडी. त्यांच्याकडे काय? एक फुलाफुलांची जुनी चादर आणि एक रिकामा स्टीलचा डबा. डबा कशाला, तर दारातच सगळ्यांचे पेन जमा करायला! जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणाला पेन मिळत नाही. "पेन हातात आला का कान बंद होते, बाबू," हे त्यांचं शास्त्र. आर्वीच्या एका पदवीधराने भारी पेन द्यायला नकार दिला, तर व्याह्यांनी त्याच पेनाने पेनाची पोचपावती लिहून दिली आणि मग पेन डब्यात टाकला.

लेखी ह्या शब्दावर त्यांचं फार प्रेम. कुठल्याही टेबलावर 'होत नाही' असं उत्तर आलं, की हे गोड आवाजात म्हणणार, "तेवढं लेखी देता का, साहेब?" पुष्कळदा साहेबांना लिहिण्यापेक्षा काम करून टाकणंच सोपं वाटतं. घरीही तेच. ताटात कोथिंबिरीची सांबारवडी पाहून विहीणबाई म्हणाल्या, "डॉक्टरनं सांगतलं, दुसरी सांबारवडी नाई." हे म्हणाले, "लेखी दे." त्या माउलीने कॅलेंडरच्या मागे लिहून सही करून दिलं. तेव्हापासून तिथे अपील चालू आहे.

समुद्रपूरला आमचं दोघांचं मिळून शिबिर होतं. माझा लाल ठिपका पात्रतेच्या तिसऱ्या अटीवर पोचला आणि लाइट गेली. "इवाई, पाणी प्या, बसा जराक," असं मला म्हणत (आमच्याकडे व्याही म्हणजे इवाई) व्याह्यांनी व्हरांड्यात चादर अंथरली आणि एका म्हाताऱ्याची कागदांची पिशवी तिच्यावर उलटी केली. लाइटबिलं, लग्नपत्रिका, रिकामं गोळ्यांचं पाकीट, बसची तिकिटं. व्याह्यांनी तिकिटं उचलली. "पाहा बरं! हा बुवा दर महिन्याले सेवाग्रामले काऊन जाते?" अर्ध्या तासात सेवाग्रामचा दवाखाना, म्हाताऱ्याचा आजार, सुटलेली मजुरी आणि त्याला लागू होणारी योजना, सगळं त्या तिकिटांतून बाहेर आलं. मधेच लाइटही आली. पण आत कोणी गेलं नाही. माझा प्रोजेक्टर एकटाच भिंतीला शिकवत राहिला.

आता अल्लीपूर. तिथे माझी ताई राहते. भाऊजी गेल्यापासून एकटी. तिचा पगाराचा अर्ज मी स्वतः, सुवाच्य अक्षरात, दोनदा भरला आणि दोन्ही वेळा तो नामंजूर होऊन परत आला. "नियमच तसे आहेत," असं मी तिला सांगितलं. व्याह्यांना मात्र ताकास तूर लागू दिली नाही. जिल्ह्याला शिकवणाऱ्याच्या सख्ख्या बहिणीला पगार नाही, हे त्यांना कळण्यापेक्षा प्रोजेक्टर विहिरीत टाकणं परवडलं असतं.

तिथल्या बुद्धविहारात शिबिर लागलं. पेन जमा झाले, माझाही. व्याह्यांनी चादर अंथरली. "आज कोनाची पिशवी?"

मागच्या रांगेतून ताई उठली.

माझ्याकडे न बघता तिने पिशवी उलटी केली. सगळ्यात वर माझे दोन्ही अर्ज पडले, खाली 'अर्ज भरणाऱ्याची सही' म्हणून माझी ऐटदार सही. व्याह्यांनी ती पाहिली. मग मला पाहिलं. मग हातातली चहाची बशी त्यांनी अलगद त्या सहीवर ठेवली.

"अक्षर पाहा," ते सगळ्यांना म्हणाले. "एक खाडाखोड नाई. फॉर्म भरावा तं असा." आणि ताईकडे वळले. "काल संध्याकाळी काय रांधलं होतं, ताई?"

"काल? काल सकाळचीच भाकर होती."

"अन् भाजी?"

"मीठ-तिखट होतं ना."

"पोरगा पुन्याले आहे म्हनते. येते का?"

ताई चादरीवरच्या फुलावर बोट फिरवत राहिली. "तीन वर्सं झाले, तोंड नाई पाह्यलं त्याचं. पैसे बी नाई."

बशीखालच्या अर्जात मी लिहिलं होतं: मुलगा पुण्यास नोकरीस, नियमित खर्च पाठवतो. त्याच ओळीवर दोन्ही अर्ज नामंजूर झाले होते. तिनेच तसं सांगितलं होतं, हसत हसत, मला.

शिबिर संपल्यावर मी तिला गाठलं. "मले काऊन नाई सांगतलं?"

"तू इचारलं कुठी? तू तं आल्या आल्या पेन काढूनच बसला होता," ती म्हणाली. मग हळूच, "अन् सांगतलं असतं तं तू पुन्याले जाऊन भांडला असता त्याच्याशी. पोरगा आहे रे तो माह्या."

नवा अर्ज व्याह्यांनी भरला नाही. शेजाऱ्यांचे जबाब गोळा केले, पेनांचा डबा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "लिहा, इवाई. अक्षर तुमचंच पाह्यजे." त्या अर्जावर ताईचा पगार सुरू झाला. बशीबद्दल ते आजवर अवाक्षर बोललेले नाहीत. त्यांच्या लोकप्रियतेचा हेवा एकवेळ मी गिळला असता. पण माझ्या बहिणीने खरं त्यांना सांगितलं, हा हेवा काही केल्या गिळवत नाही.

परवा अल्लीपूरला गेलो. पेन मोटरसायकलच्या डिकीतच ठेवला आणि चुलीपाशी बसून विचारलं, "काल काय रांधलं होतं?" ताई बराच वेळ बोलत होती. मी नुसता ऐकत होतो. निघताना तिने दोन डबे आणून हातात दिले, ठेच्याचे. "हा लहाना तुह्या," म्हणाली.

मोठा कोणाचा, ते मी विचारलं नाही.