‘नाही’समोरची खूण

गेनॉर होल्रॉइडने कॅल्डरशॉच्या प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं पोरांना जेवण वाढलं. तिच्या खिडकीपाशी एकच कायदा चालायचा. सगळ्यांना एकदा मिळाल्याशिवाय कुणालाच दुसऱ्यांदा नाही. एकदा मुख्याध्यापकांनी गडबडीत मध्येच ताट पुढे केलं, तर तिने पळी उचलून त्यांनाही रांगेचं शेपूट दाखवलं. पोरं महिनाभर हसत होती. मुख्याध्यापक मात्र त्यानंतर निमूट मागे उभे राहायचे.

अशी माणसं सगळ्यांनाच आवडतात असं नाही. शेजारचा ट्रेव्हर तिला तोंडावर ‘इन्स्पेक्टर’ म्हणायचा. तिला त्याचं वाईट वाटत नसे, उलट जरा बरंच वाटायचं.

तिचं लग्न झालं होतं, सहा वर्षं टिकलं होतं. नवऱ्याच्या घरातून निघाल्यावर कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, भाड्याच्या घरांच्या यादीत नाव घालून ती नऊ वर्षं थांबली आणि तिला कालव्याकाठी एका खोलीचा फ्लॅट मिळाला. त्या फ्लॅटवर तिचा फार जीव होता. मग आई, विनी, अंगणात पडली आणि तिचा खुबा मोडला. आईचं घर वर ब्रॅकन हिलवर, तेही कौन्सिलचंच. तीन खोल्या, मागे बागेचा तुकडा. गेनॉर तिथंच जन्मली होती. दोन बॅगा घेऊन ती परत आईकडे राहायला आली आणि पुढच्याच सोमवारी फ्लॅटची चावी परत करायला निघाली.

“वेडी आहेस का?” ट्रेव्हर कुंपणावरून म्हणाला. “चावी कशाला देतेस? माझ्या पुतण्याला ठेव तिथं. कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल ना,” गेनॉर म्हणाली. “एका माणसाने कौन्सिलची दोन घरं अडवायची? यादीत लोक ताटकळत बसलेत.”

जाण्याआधी तिने फ्लॅटच्या खिडक्या पुसल्या. पुढच्याला घाण मिळू नये म्हणून ओव्हनसुद्धा घासला.

चावी देताना तिच्या मनात आणखी एक गोष्ट पक्की होती. ती तिने कुणाला विचारली नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही आहे असंच तिला वाटलं नाही. घर आईच्या नावावर आहे, मी तिची एकुलती मुलगी, तिच्याजवळ राहते, तिचं करते. म्हणजे तिच्यानंतर मी. ब्रॅकन हिलवर कुणालाही विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं. तीन-तीन पिढ्या भाड्याच्या घरात काढल्यावर माणसं ‘कौन्सिलचं घर’ म्हणायचं विसरतात. ‘आमचं घर’ म्हणतात, आणि मग तसंच समजून चालतात.

पुढची आठ वर्षं तिने आईला उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं. कौन्सिलने पुढच्या दाराला उतरण बांधून दिली, तळमजल्यावर चाकाची खुर्ची आत जाईल अशी न्हाणी करून दिली. विनी मोठी कजाग बाई. “पाणी गार आहे,” म्हणायची, गरम केलं की “सोलून काढतेस का मला?” गेनॉर दोन्ही ऐकून घ्यायची. फेब्रुवारीत एका सकाळी विनी चहा अर्धा ठेवून गेली, तेव्हा ती इतकी रडली की ट्रेव्हरची बायको घाबरून धावत आली.

अंत्यविधीला तीन आठवडे झाले नाहीत तोच कौन्सिलच्या ऑफिसातून डेक्लन आला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, सभ्य पोरगा. बूट दारात काढू का म्हणून विचारलं त्याने. गेनॉरने त्याला चहा दिला, बिस्किटं दिली. सही करून घर आपल्या नावावर करून घ्यायचं, एवढंच काम असेल अशा समजुतीने तिने चष्माही घालून ठेवला होता.

“मिसेस होल्रॉइड, घराच्या बाबतीत जरा अडचण आहे,” तो म्हणाला.

“कसली अडचण? घर आईच्या नावावर होतं.”

“होतं. पण त्यांच्याकडे ते तुमच्या वडिलांकडून आलं. सत्त्याऐंशी साली, वडील वारले तेव्हा. तो वारसा धरला जातो. आणि कौन्सिलच्या घराचा वारसा एकदाच मिळतो.”

“एकदाच म्हणजे?”

“म्हणजे एकदा दिला की संपला. दुसऱ्यांदा नाही.”

एकतीस वर्षं हेच वाक्य गेनॉर दुसऱ्यांना सुनावत आली होती, आणि आज एक कालचं पोर तिचंच बिस्किट खात ते तिला सुनावत होतं.

“शिवाय खाली न्हाणी आहे, उतरण आहे,” डेक्लन खालच्या आवाजात म्हणाला. “असं घर आम्हाला खुर्चीवरच्या माणसासाठी लागतं. फार थोडी आहेत अशी. तुम्हाला ऑगस्टअखेरपर्यंत राहता येईल.”

“आणि मग?”

त्याने फॉर्म काढला. नाव, वय, आजार, सगळं त्यानेच भरलं. एका ओळीपाशी त्याने पेन तिच्या हातात दिलं. “तुम्ही बेघर आहात किंवा लवकरच होणार आहात का?” पुढे दोन चौकोन होते, ‘हो’ आणि ‘नाही’.

“इथं ‘हो’वर खूण करा,” तो म्हणाला. “मग मला तुमच्यासाठी काहीतरी करता येईल.”

“मी बेघर?”

“ऑगस्टनंतर, कायद्याने, हो.”

“अरे बाळा, मी माझ्या आईच्या स्वयंपाकघरात बसलेय, चहा पितेय, आणि बेघर म्हणून सही करू? लोक एकेका खोलीत चार-चार पोरं घेऊन राहतात. त्यांच्यापुढे जाऊन घुसू?”

“हे घुसणं नाही हो. तुमच्यासारख्यांसाठीच तर तो चौकोन ठेवलाय.”

“दरवेळी हेच बघत आलेय मी. ज्याला पुढे जायचं तो म्हणतो मी बेघर. मला नाही जमणार.”

तिने ‘नाही’समोर खूण केली. स्वतःच्या हाताने, ठळक. मला विचाराल तर त्या पोराने तिथं टेबलावर मूठ आपटायला हवी होती. पण तो नुसता “पुन्हा एकदा विचार करा” म्हणाला, आणि तिने केला नाही. यात अभिमान किती होता, सचोटी किती आणि भाबडेपणा किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तो शब्द स्वतःला लावून घ्यायची तिला लाज वाटली, एवढं मात्र खरं.

यादीत गरजेप्रमाणे चार गट होते. त्या खुणेमुळे तिला चौथ्यात, म्हणजे सगळ्यात शेवटच्या गटात टाकलं. दर गुरुवारी ती लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर जाऊन रिकामी घरं बघायची आणि त्यातल्या तीन घरांसाठी मागणी टाकायची. सोमवारी उत्तर यायचं: तुमचा क्रमांक एकशे त्रेचाळीस. तुमचा क्रमांक दोनशे सहा. एका आठवड्यात एकाहत्तर आला तेव्हा तिने उगीचच नव्या पडद्यांची मापं मनात धरली. ते घर अर्थातच पहिल्या गटातल्या कुणाला तरी गेलं.

“बाहेरच्यांना देतात बघ सगळं,” ट्रेव्हर म्हणायचा. “तू इथं जन्मलीस, इथं राबलीस. उद्या कुठून तरी कोणी येईल आणि विनीच्या घरात पाय पसरेल.”

पूर्वी असं बोलणाऱ्याला तिने चार शब्द सुनावले असते. आता ती ऐकून घ्यायची. ते ऐकून बरं वाटतं याची तिला लाज वाटे, तरी ती त्याला थांबवत नसे. कुणावर तरी चिडता यावं, एवढीच तिची गरज होती. बसमध्ये पोरं घेऊन चढलेल्या परक्या बायांकडे ती अशा नजरेने बघू लागली की घरी येऊन तिला स्वतःचीच किळस यावी.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला. पलीकडच्या गावात राहणाऱ्या चुलत बहिणीने, पॉलीनने, तिला शिलाई मशीनची खोली देऊ केली होती. “ख्रिसमसपर्यंत हं, गेनॉर. मग आमची जेन पोरांना घेऊन येते.” खोलीत एक पलंग मावत होता. आईचं सगळं सामान देऊन टाकायला लागणार होतं.

दुपारी ती पुढच्या खोलीत कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती, तेव्हा फाटकापाशी कोणीतरी टेप लावून माप घेताना दिसलं. पस्तिशीची बाई, डोक्यावर ओढणी. गेनॉर तरातरा बाहेर आली.

“काय चाललंय?”

“माफ करा हं, आँटी.” बाई दचकून सरळ झाली. बोलणं अगदी कॅल्डरशॉचं, ट्रेव्हरपेक्षाही पक्कं. “हे घर आम्हाला देणार म्हणालेत. आमच्या झाराची खुर्ची फाटकातून जाते का, तेवढंच बघत होते. मी तहसीन. खाली वेलफील्ड रोडला माहेर माझं.”

“तू इथलीच?”

“इथलीच म्हणजे? त्या कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलात जन्मलेय,” तहसीन हसली. “सहा वर्षं झाली यादीत. दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. झारा नऊची झाली. तिला पाठीवर घेऊन खाली आणते मी. आता कंबर म्हणते बास.”

इतके महिने जिच्यावर चिडायचं म्हणून गेनॉरने राग साठवला होता ती बाई समोर आली होती, आणि चिडायला काही जागाच नव्हती. हिशेब बरोबर होता. पोरीला घर मिळायलाच हवं होतं. तिने फाटक घट्ट धरलं.

तहसीनची नजर उघड्या दारातून आत गेली. खोकी, वर्तमानपत्रं, भिंतीवरून काढलेल्या तसबिरींच्या जागा. तिचं हसू गेलं.

“आँटी, तुम्हाला काढतायत का हो?”

“का गं?”

“ऑफिसात म्हणाले, घर रिकामं होणार आहे. मला वाटलं, राहणारं माणूस गेलं असेल. कुणाला रस्त्यावर काढून मला नको. मी उद्या सांगते त्यांना, नाही म्हणून.”

“नाही म्हटलंस तर?”

तहसीनने टेप गुंडाळली. “मग परत यादीत शेवटी. असू दे. इतकी वर्षं काढली तशी अजून काढू.”

ती खरंच नाही म्हणेल, हे गेनॉरला दिसत होतं. आणि त्याने घर काही गेनॉरला मिळणार नव्हतं.

“काढतंय कोण मला?” ती म्हणाली. “माझाच नंबर लागलाय. मार्केटच्या मागे, तळमजला. पुढे कुंड्या ठेवायला कट्टा आहे. एकट्या जिवाला एवढं घर कशाला गं? झाडूनच जीव जातो.”

“खरंच?”

“मग काय, खोटं सांगू?”

तहसीनचे डोळे भरून आले. तिने फाटकावरून वाकून गेनॉरला मिठीच मारली. “म्हणजे आपल्या दोघींचा नंबर एकाच वेळी लागला, आँटी!”

“लागला ना. चल, आत ये. न्हाणीत खुर्ची कशी वळवायची ते दाखवते. दार जरा उचलून लावावं लागतं.”

तिने सगळं दाखवलं. गरम पाण्याची कळ, उन्हाळ्यात फुगणारी मागची खिडकी. निघताना तहसीनने फोन काढला.

“नवा पत्ता द्या ना तुमचा. ईदला बिर्याणीचा डबा घेऊन येईन मी, झाराला घेऊन.”

“पत्ता,” गेनॉर म्हणाली. तहसीनचं बोट फोनवर थांबलं होतं. “पत्ता अजून पाठ नाही झाला बघ. मीच येईन की इकडे.”

“नक्की या हं,” तहसीन म्हणाली, आणि उतरणीवरून खाली गेली.